गांजा, भांग आणि औषधाची बाटली

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळची ओ.पी.डी. उरकत आली होती, तेवढ्यात एक प्राथमिक शिक्षक (आपण त्यांना गुरुजी म्हणू) आपल्या सात वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून धावतच आत शिरले. मुलीला आकडी आली होती आणि ती थांबत नव्हती. मागोमाग धापा टाकत तिचे आजोबा. ऑक्सिजन लावला, शिरेतून औषध दिले, तेव्हा कुठे ती शांत झाली.

सर्वांचा जीव भांड्यात पडल्यावर मी विचारले, "गुरुजी, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?" गुरुजींनी मान खाली घातली आणि पिशवीतून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"डॉक्टरसाहेब, आठ दिवसांपासून हे सुरू केलंय. गोळ्या बंद केल्या. परदेशात याच औषधाने मुलं बरी होतात, असं मोबाइलवर पाहिलं. शिवाय वनस्पतीचं आहे, अपाय नाही म्हणतात."

बाटलीवर हिरवे पान आणि खाली अक्षरे : 'विजया अर्क ५०० मि.ग्रॅ.' विजया म्हणजे आपली भांग. आजोबांना हे कळताच ते कडाडले, "अरे, पोरीला गांजा पाजलास की काय!"

या बापलेकांत बरोबर कोण? माझ्या मते दोघेही चुकले, आणि गंमत अशी की दोघांची चूक एकच आहे. एका झाडात एकच गुण असतो, असे दोघांनीही धरले. मुलाने तो गुण अमृताचा ठरवला, बापाने विषाचा.

झाड एकच, हे खरे. त्याची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्यावरची राळ म्हणजे चरस. पण या झाडात शंभराहून अधिक अशी द्रव्ये सापडली आहेत, की ज्यांना शास्त्रज्ञ 'कॅनॅबिनॉइड' म्हणतात. सामान्य माणसाने त्यातली दोन नावे लक्षात ठेवली तरी पुष्कळ झाले : टी.एच.सी. आणि सी.बी.डी.

नशा येते ती टी.एच.सी.ची. इस्रायलचे राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. त्यासाठी चरस कुठून आणला, तर पोलिसांनी पकडलेल्या मालातून! पुढे १९८८ साली अमेरिकेत असे आढळले, की आपल्या मेंदूच्या पेशींवर या द्रव्यासाठी जणू कुलपेच बसवलेली आहेत. आता निसर्गाने माणसाच्या डोक्यात गांजासाठी कुलूप कशाला ठेवावे? याचा अर्थ, शरीर स्वतःच त्या कुलपाची किल्ली तयार करत असले पाहिजे. १९९२ मध्ये मेशुलम यांच्याच प्रयोगशाळेत ती सापडली आणि तिला नाव दिले गेले 'आनंदामाइड'. हा शब्द आपल्या संस्कृत 'आनंद'वरून घेतलेला आहे. भूक, वेदना, स्मरण, झोप, मनाची उभारी यांचा तोल राखण्यात या व्यवस्थेचा हात असतो.

ही व्यवस्था नाजूक आहे. लठ्ठपणा कमी करण्यासाठी हीच कुलपे बंद करणारे 'रिमोनाबँट' नावाचे औषध युरोपात २००६ साली आले. वजन उतरले, पण माणसे खिन्न होऊ लागली, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ मध्ये ते तिथे मागे घ्यावे लागले.

टी.एच.सी. ही कुलपे गरज नसताना, वाटेल तेव्हा उघडते. म्हणून डोळे लाल होतात, छाती धडधडते, खा-खा सुटते, आताच बोललेले आठवत नाही आणि पाच मिनिटे तासासारखी वाटतात. चिलमीतून ओढले तर परिणाम काही मिनिटांत दिसतो. भांग प्यायली तर मात्र अर्धा तास, कधी दोन तासही लागतात, कारण ती पोटातून यकृतात जाते आणि तिथे तिचे आणखी जोरकस द्रव्य बनते. महाशिवरात्रीला, धुळवडीला दरवर्षी माझ्याकडे दोन-तीन पाहुणे हमखास येतात, ते याच कारणाने. "पहिल्या पेल्याने काहीच झालं नाही, म्हणून दुसरा घेतला." दोन्ही पेले मग एकदम चढतात, आणि गडी 'मी मरतो' म्हणत माझ्या टेबलावर येऊन पडतो. गांजाने श्वास बंद पडून मृत्यू सहसा येत नाही. मेंदूच्या ज्या भागातून श्वास चालतो तिथे ही कुलपे फार थोडी आहेत. पण हृदयविकार असलेल्याने, गरोदर बाईने, आणि ज्यांच्या घराण्यात वेडाचा आजार आहे अशा तरुणांनी याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या ४५ हजारांवर तरुणांचा पंधरा वर्षे माग ठेवला गेला. १९८७ साली त्याचे निष्कर्ष आले. पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट निघाले. सगळा दोष गांजाचाच, असे कोणी म्हणणार नाही, पण सहापट हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आता दुसरे नाव, सी.बी.डी. हे त्याच झाडातले, पण याने नशा येत नाही. १९८० साली ब्राझीलमध्ये ज्यांच्या आकड्या औषधांना दाद देत नव्हत्या, अशा आठ रुग्णांना ते देऊन पाहिले, आणि त्यातल्या चौघांच्या आकड्या जवळजवळ थांबल्या. खरे तर ही कल्पना आपल्याच देशातली. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील डॉक्टर ओशॉनेसी (हिंदुस्थानात तारायंत्र आणणारे तेच) यांनी १८३९ च्या सुमारास चाळीस दिवसांच्या एका तान्ह्या मुलीच्या आकडीवर गांजाचा अर्क वापरल्याचे लिहून ठेवले आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये बालवयातील दोन हट्टी अपस्मारांसाठी शुद्ध सी.बी.डी.च्या औषधाला मान्यता मिळाली. त्यातला एक आजार लेनॉक्स-गॅस्टो, म्हणजे नेमका आपल्या गुरुजींच्या मुलीचा. तेव्हा गुरुजींनी मोबाइलवर पाहिले ते अगदीच खोटे नव्हते.

मग घोटाळा कुठे झाला? मी कागद-पेन्सिल घेतली आणि गुरुजींसमोर गणित मांडले. गणित त्यांच्याच विषयातले.

मान्यताप्राप्त औषधाची मात्रा रोज, वजनाच्या दर किलोला १० ते २० मिलिग्रॅम. मुलीचे वजन २० किलो. म्हणजे रोज किमान २०० मिलिग्रॅम. बाटली १० मिलिलिटरची, त्यात सुमारे दोनशे थेंब. गुरुजी देत होते दिवसाला दहा थेंब. त्या ५०० मिलिग्रॅममध्ये सगळे सी.बी.डी.च आहे असे गृहीत धरले, तरी पोरीला मिळत होते २५ मिलिग्रॅम. लागणाऱ्या मात्रेचा आठवा हिस्सा! शिवाय लेबलावर लिहिले होते 'अर्क'. भांगेच्या अर्कात सी.बी.डी. किती आणि टी.एच.सी. किती, याचा बाटलीवर उल्लेखच नव्हता. आठ दिवस मुलगी झिंगल्यासारखी असायची, असे तिची आई नंतर म्हणाली.

दुसरी बाब याहून महत्त्वाची. ज्या चाचण्यांवरून ही मान्यता मिळाली, त्यांत मुलांची जुनी औषधे बंद केलेली नव्हती. नवे औषध त्यांच्या जोडीला दिले होते. ड्राव्हेट नावाच्या दुसऱ्या आजारातील १२० मुलांवरची चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. सी.बी.डी. घेणाऱ्या गटात महिन्याला साधारण बारा मोठ्या आकड्या येत, त्या सहावर आल्या. पूर्ण थांबल्या त्या शंभरात पाच मुलांच्या. बारावरून सहा ही त्या आईबापांना मोठीच गोष्ट आहे, पण 'मुलं बरी होतात' आणि हे, यात फार अंतर आहे. चालू औषधांशी याचे खटकेही उडतात. व्हॅल्प्रोएटबरोबर दिले तर यकृतावर ताण येऊ शकतो, क्लोबाझामबरोबर दिले तर गुंगी वाढते. गुरुजींची मुलगी या दोन्ही गोळ्यांवर होती. एकाएकी गोळ्या तोडल्या म्हणून आकडी उलटली, आणि नाही तोडल्या असत्या तर रक्त तपासल्याशिवाय हे तेल देणे धोक्याचे झाले असते.

बाटलीवरच्या आकड्यांवर किती विसंबावे, हेही सांगतो. अमेरिकेत घरपोच मिळणाऱ्या सी.बी.डी.च्या ८४ मालांची तपासणी २०१७ मध्ये झाली. लेबलाप्रमाणे निघाले फक्त २६. अठरांमध्ये टी.एच.सी. सापडले. आपल्याकडे तर आणखी एक गोंधळ आहे. भांगेच्या बियांचे तेल आणि सी.बी.डी.चे तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बिया हे अन्न. उत्तराखंडात त्यांची चटणी करतात, आणि २०२१ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही त्यांना अन्न म्हणून मुभा दिली आहे. त्या तेलात सी.बी.डी. जवळजवळ नसते. संधिवातासाठी ते महागडे तेल गुडघ्याला चोळणाऱ्यांनी तिळाचे तेल चोळले तरी चालेल.

बाकीच्या कॅनॅबिनॉइडांची नावे आता जाहिरातींत येऊ लागली आहेत. सी.बी.एन. हे जुन्या, पडून राहिलेल्या गांजात टी.एच.सी. विघटित होऊन बनते. सी.बी.जी.पासून झाडात बाकीची बनतात. त्यांच्या नावावर झोप, मधुमेह, तारुण्य, काय वाटेल ते विकले जाते, त्याला ठोस आधार मला दिसत नाही. कारखान्यात बनवलेली कृत्रिम द्रव्ये मात्र वेगळ्याच वर्गातली. 'स्पाइस' अशा नावांनी पानांवर फवारून ती विकतात. ती मेंदूची कुलपे टी.एच.सी.पेक्षा कितीतरी जोराने उघडतात. त्यांनी आकड्या आल्या आहेत, मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, माणसे दगावली आहेत. कॉलेजातल्या मुलाच्या खिशात असे काही सापडले तर 'गांजाच आहे ना' म्हणून सोडून देऊ नका.

कायद्याचेही थोडे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसती पाने येत नाहीत. या फटीतूनच 'विजया'च्या बाटल्या बाजारात आल्या. (आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे, ही गोष्ट वेगळी.) माझे म्हणणे, बंदी घाला असे नाही. आयुर्वेदाने भांग औषधात घेतली ती विषारी द्रव्य म्हणून, शुद्धी करून, वैद्याच्या हाताने. बाटलीवर टी.एच.सी. किती आणि सी.बी.डी. किती हे मिलिग्रॅममध्ये छापण्याची सक्ती करावी, आणि फोनवरच्या दोन मिनिटांच्या सल्ल्यावर लहान मुलांसाठी ती विकणे बंद व्हावे. ज्या मुलांना शुद्ध औषधाचा खरोखर उपयोग आहे, त्यांच्या आईबापांना ते परवडेल अशी सोय सरकारी रुग्णालयातून व्हावी.

आणि आम्हा डॉक्टरांबद्दलही बोलले पाहिजे. सहा महिन्यांपूर्वी याच गुरुजींनी मला या तेलाबद्दल विचारले होते. दवाखान्यात गर्दी होती. "असल्या भानगडीत पडू नका," एवढे म्हणून मी पुढचा रुग्ण आत बोलावला. मी दहा मिनिटे दिली असती तर ते गणित त्याच दिवशी झाले असते. माझ्याकडून उत्तर मिळाले नाही, म्हणून त्यांनी ते मोबाइलमध्ये शोधले.

मुलीच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. यकृताची तपासणी करून घेतली, ती ठीक आली. बालमेंदूविकारतज्ज्ञांना चिठ्ठी दिली आहे, आणि तिच्यात शुद्ध सी.बी.डी. गोळ्यांच्या जोडीला देता येईल का, हेही विचारले आहे. त्यांची तारीख पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. गुरुजींबरोबर आजोबाही जाणार आहेत.