पाच हजारांत घरचा चांगला आवाज



गाणे ऐकण्याची हौस गरिबाने करू नये, असा काही नियम नाही. पण हौसेपायी फसू मात्र नये. कारध्याचा माणूस वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याच्या बाजारात गेला, की दुकानदार लाल-निळे दिवे लागणारा मोठा डबा पुढे करतो आणि हप्त्याचा कागदही काढतो. सही करण्याआधी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

डब्यावर ‘हजार वॅट पी.एम.पी.ओ.’ असे छापलेले असते. हा आकडा क्षणभराच्या कमाल जोराचा, तोही ज्याच्या त्याच्या हिशेबाने काढलेला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! खरी ताकद ‘आर.एम.एस.’ या आकड्यात असते, तोच विचारावा. चांगला स्पीकर असेल तर 10 बाय 12 फुटांच्या खोलीत एका वॅटलाही भरपूर आवाज मिळतो. शिवाय कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॅट सुमारे 10 पट लागतात. म्हणून घरासाठी प्रत्येक बाजूला 15 ते 20 वॅट आर.एम.एस. पुष्कळ झाले.

समजा, तुमच्याजवळ 5,000 रुपये जमले आहेत. त्यातील निम्मे, म्हणजे 2,500 रुपये, दोन स्पीकर आणि त्यांच्या खोक्यांसाठी ठेवा. 1,500 रुपयांत लहान अॅम्प्लिफायर बसवा. उरलेले वायर, फळ्या आणि अडीअडचणीसाठी असू द्या. गाणी वाजवायला घरातला मोबाईल आहेच. स्पीकर जुने घेतले तरी चालतात. नागपूरला कामानिमित्त जाणे झाले तर सीताबर्डीच्या बाजारातही चौकशी करावी.

जुना स्पीकर घेताना दीड व्होल्टचा साधा सेल सोबत न्यावा. मोठ्या स्पीकरच्या दोन टोकांना तो क्षणभर टेकवावा. ‘खट्’ असा आवाज येऊन पडदा पुढे सरकला, तर सेलचे अधिक टोक लागले तीच स्पीकरची अधिक बाजू. तेथे खूण करावी. बोटांनी हलकेच दाबल्यावर पडदा घासत असेल तर तो स्पीकर घेऊ नये. जोडणी करताना एका स्पीकरची तारे उलटी लागली, तर एकाचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे येतो आणि ढोलकीचा भरीव आवाज नाहीसा होतो. दोष मग उगाच स्पीकरला लावला जातो.

खोके हवेच. पडदा पुढे हवा ढकलतो, तेव्हा मागची हवा ओढतो. खोके नसेल तर या दोन लाटा एकमेकींना मारतात. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. परातीला टिचकी मारली की ती किती वेळ घुमते, हे आपल्याला ठाऊक आहे. पातळ फळीचे खोकेही तसेच घुमते. सुताराकडून 18 मिलिमीटर प्लायचे करून घ्यावे, सांधे पक्के चिकटवावेत आणि आत जुन्या गादीचा कापूस सैलसा लावावा.

आता जागा. दोन्ही स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, एकमेकांपासून 5-6 फूट अंतरावर आणि तितक्याच अंतरावर आपण बसावे. कोपऱ्यात ठेवले तर नुसती धमधम वाढते. सिमेंटच्या भिंती आणि टिनाचे छप्पर आवाज परत फेकतात. समोरच्या भिंतीवर गोधडी टांगली की फरक कळतो, त्याला खर्चही नाही. नदीकाठच्या घरात सामान खाली ठेवू नये. 2020 च्या ऑगस्टअखेरचा वैनगंगेचा पूर सर्वांच्या स्मरणात आहे. विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा.

पेटीत जुन्या कॅसेट पडल्या असतील तर त्या टाकू नका. गावच्या गायन पार्टीचा, घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज कदाचित त्यातच उरला असेल. चालू डेक मिळाला तर त्याचे हेड स्वच्छ करून कॅसेट वाजवावी, डेकची वायर कॉम्प्युटरच्या ‘लाइन-इन’मध्ये लावावी आणि आवाज भरून घ्यावा. फीत दरवर्षी झिजते, म्हणून हे काम लांबवू नये.

विकत घेण्यापूर्वी दुकानात आपले पाठ असलेले गाणे लावायला सांगा. वामनदादा कर्डकांच्या गीतांचा जीव शब्दांत आहे. आवाज लहान ठेवूनही प्रत्येक शब्द कळला, तर तो स्पीकर घ्यावा. शब्द कळायला आवाज वाढवावा लागत असेल, तर दिवे कितीही लागोत, पैसे खिशातच राहू द्यावेत. लहान आवाजात गोड वाजणारा स्पीकर घरात असला, की शेजारच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास चालू असतानाही आजीला तिची गाणी ऐकता येतात.