साधन साधे, बोल आपला

२०२५ च्या मार्च महिन्यात असीरगडाच्या पायथ्याशी असलेली शेते भर रात्री दिव्यांच्या उजेडात उकरली जात होती. फेब्रुवारीत ‘छावा’ हा हिंदी बोलपट प्रदर्शित झाला होता. त्यात मोगलांच्या बुऱ्हाणपूरची श्रीमंती लोकांनी पाहिली. गडाखाली मोहरा पुरलेल्या आहेत अशी आवई उठली आणि आसपासच्या गावांतील माणसे कुदळी-फावडी घेऊन मातीत उतरली. या प्रकाराला हसून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यातून घ्यावयाचा धडा गंभीर आहे. एखाद्या गावाने आपली हकीकत आपण सांगितली नाही, तर ती दुसरे कोणी तरी सांगते. आणि ज्याचे चित्र मोठे, त्याचेच लोक खरे मानतात!

वास्तविक बुऱ्हाणपूरच्या भूगर्भात ठेवा आहे. तो सोन्याचा नव्हे, पाण्याचा आहे. इ. स. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या अमदानीत, सातपुड्याच्या कुशीत झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्याने शहरापर्यंत आणण्यात आले. बोगद्यावर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या बांधल्या. त्याला मोट लागत नाही, पंप लागत नाही. केवळ उताराच्या आधाराने पाणी वाहते. हाच तो कुंडी भंडारा. मार्च २०२४ मध्ये त्याचे नाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाले. मात्र हे पाणी नेमके कसे चालते, हे बुधवारा, शनवारा, इतवारा अशी वारांची नावे मिरवणाऱ्या मोहल्ल्यांतील किती मराठी मुलांना आपल्या मातृभाषेत समजावून सांगता येईल?

हे काम चित्रफितीने उत्तम होण्यासारखे आहे. पण तशी सूचना केली की, ‘कॅमेरा कोठे आहे? संगणक कोठे आहे? पैसा कोठे आहे?’ असे तीन प्रश्न हमखास पुढे येतात. आमच्या मते हे तिन्ही प्रश्न नंतरचे आहेत. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून विलायत गाठली आणि कॅमेरा आणला. परंतु भांडवल देणाऱ्यांना ‘राजा हरिश्चंद्रा’ची स्वप्ने सांगत ते बसले नाहीत. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, वाढणाऱ्या रोपट्याची छायाचित्रे दिवसामागून दिवस टिपली आणि मिनिटाभराची फीत तयार केली. त्या इवल्याशा फितीने कर्जाचा दरवाजा उघडला. आज फाळक्यांच्या त्या कॅमेऱ्याहून कितीतरी समर्थ यंत्र आपल्या प्रत्येक तरुणाच्या खिशात आहे. उणीव वाटाण्याच्या दाण्याची आहे!

तथापि, अल्प पैसा कोठे खर्चावा याचा विवेक हवाच. आमचे स्पष्ट मत असे की, पहिला रुपया आवाजावर खर्च करावा. प्रेक्षक अंधुक चित्र सोसतो; न समजणारे बोलणे सोशीत नाही. त्यातून बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे गाव. मागाच्या खडखडाटात मोबाइलचा मायक्रोफोन माणसाचा शब्द गिळून टाकतो. सदऱ्याच्या गळपट्टीस लावावयाचा साधा तारेचा मायक्रोफोन हजार रुपयांच्या आत मिळतो, तो प्रथम घ्यावा. त्यानंतर मोबाइल स्थिर धरणारी तिवई घ्यावी. प्रकाश सूर्याचा, सकाळचा; त्याला मोल नाही. कुंडीच्या आत उजेड अपुरा, म्हणून तेथली स्थिर छायाचित्रे घ्यावीत आणि जाणत्यांचे निवेदन वर, मोकळ्या हवेत ध्वनिमुद्रित करावे. नवा कॅमेरा या यादीत सर्वांत शेवटी येतो.

फितीची जुळणी करावयाच्या सॉफ्टवेअरची पारख मात्र डोळसपणे करावी. ‘फुकट’ म्हणून मिळणारी काही साधने चित्राच्या कोपऱ्यात आपला शिक्का मारतात आणि तो काढण्यासाठी दरमहा पट्टी मागतात. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही मुक्त सॉफ्टवेअरे शिक्का मारीत नाहीत, वर्गणी मागत नाहीत आणि मध्यम संगणकावरही चालतात. दाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती अधिक समर्थ खरी, पण तिला संगणकही तसाच तगडा लागतो.

कोणतेही साधन पत्करण्यापूर्वी एक कसोटी लावावी. त्यात ‘बुऱ्हाणपूर’ हा एकच शब्द लिहून पाहावा. यातील ‘ऱ्ह’ हे अक्षर हिंदीच्या लेखनात येत नाही. हिंदी पाट्यांवर हेच नाव सरळ ‘बुरहानपुर’ होते. जे साधन हा ‘ऱ्ह’ मोडून टाकते, ते मराठीच्या कामाचे नाही, मग त्यात इतर हजार करामती का असेनात! आपल्या गावाचे नाव आपल्या भाषेत शुद्ध उमटावे, एवढी अपेक्षा फार मोठी नाही. आणि जे तेवढीही सोडून देतील, त्यांनी भाषेच्या नावाने सभा भरवू नयेत.

कोणी म्हणतील, आता यंत्रच निवेदन करते, तेव्हा माणसाचा खटाटोप कशाला? यंत्राचा स्वर नितळ असतो हे आम्हांस मान्य आहे. परंतु बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी होती. येथील मराठीला त्या मातीचे वळण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, तरी घराघरांतून ते वळण टिकले. ते आजीच्या तोंडून आले तरच पुढच्या पिढीस ऐकावयास मिळेल. ज्या भाषेसाठी आपण झटतो, तिचाच स्वर भाड्याने आणावयाचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

शेवटचा इशारा. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली आणि टिकटॉकवर वाढलेली असंख्य माणसांची प्रेक्षकमंडळी एका रात्रीत विखुरली. बंदी योग्य की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला संसार मालकाच्या किंवा सरकारच्या एका हुकमाने उठतो, एवढे ध्यानी ठेवावे. फीत यूट्यूबवर अवश्य चढवावी; पण मूळ प्रत आणि न कापलेले चित्रण निराळ्या डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत जपून ठेवावे.

असीरगडाखाली लोकांनी रात्री जागविल्या. बुऱ्हाणपूरच्या तरुणांनी एक सकाळ द्यावी. एक मोबाइल, एक मायक्रोफोन, एक जाणता वृद्ध आणि कुंडी भंडाऱ्याचा काठ, एवढ्या भांडवलावर पाच मिनिटांची पहिली मराठी फीत उभी राहू शकते. तिला हजार प्रेक्षक न मिळोत, शंभर मिळोत. त्या शंभरांना तरी आपल्या पायाखाली मोहरा नसून पाणी वाहते आहे, हे कळेल!