एका किलोची किंमत
तालीमकर

बुलढाणा, चिखली, खामगाव, मेहकर. संध्याकाळी जिल्ह्यातल्या कुठल्याही जिममध्ये जा, एक तक्रार हमखास कानावर येते : ‘‘भाऊ, दोन महिने झाले, बेंच साठाच्या वर सरकूनच नाही राह्यली.’’ त्यावरचं उत्तरही ठरलेलं : मेहनत वाढव. माझं म्हणणं उलट आहे. आपली पोरं मेहनतीत कमी पडत नाहीत. ती मेहनत कुठे कुठे खर्च होते, याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आधी लोखंडाचा हिशेब करू. आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना एकेक चढवली की वजन एकदम पाच किलोंनी वाढतं. शंभर किलोंचं स्क्वॉट मारणाऱ्याला ही वाढ पाच टक्क्यांची. शोल्डर प्रेसला तीस किलो उचलणाऱ्याला मात्र सोळा टक्क्यांहून जास्त. एवढी उडी कुणाचाही खांदा आठवड्याभरात घेत नाही. म्हणून खांदा आणि छाती लवकर अडतात, पाय उशिरा.

सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात ११३ आणि १३५ असे २४८ किलो उचलले. कोपर दुखावलं असतानाही तो शेवटच्या प्रयत्नाला उभा राहिला. सुवर्ण मलेशियाच्या खेळाडूला मिळालं, २४९ किलोंवर. आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंगमध्ये २००५पासून बारवरचं वजन एकेका किलोनं वाढवता येतं. जिथे जगातले सर्वोत्तम लिफ्टर एका किलोसाठी झगडतात, तिथे चिखलीच्या नवख्या पोरानं पाच-पाच किलोंच्या उड्या का माराव्यात? जिममालकांनी सव्वा किलोच्या आणि जमल्यास अर्ध्या किलोच्या प्लेटांच्या जोड्या आणाव्यात. पूर्ण सेटअपच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. तोवर त्याच वजनावर थांबून रेप्स वाढवा : पाचाचे सहा, सहाचे सात, तिन्ही सेटमध्ये आठ नीट निघाले की मगच वजनाला हात लावा. आणि हे वहीत लिहा. मागच्या मंगळवारी किती उचललं ते आठवत नसेल, तर आपण अडलो की नाही हेही कळत नाही.

गावोगावच्या खुल्या व्यायामशाळांबद्दलही बोललं पाहिजे. तिथल्या बहुतेक यंत्रांवर माणूस स्वतःच्याच शरीराचं वजन ढकलतो आणि ते वाढवायची सोय नसते. ज्येष्ठांना सांधे मोकळे ठेवायला ती यंत्रं उत्तम. ताकद कमवायला निघालेला वीस वर्षांचा मुलगा मात्र थोड्याच काळात तिथे थांबणार, कारण यंत्रच पुढे जात नाही. ग्रामपंचायतीनं क्रीडा साहित्याची मागणी करताना एक बार आणि सुट्या प्लेटांचा संच का मागू नये?

आता भरतीचा विषय. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरं पोलीस भरतीसाठी घाम गाळतात. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी मुलांच्या १६०० मीटर धावण्याला २०, शंभर मीटरला १५ आणि ७.२६० किलोंच्या गोळ्याला १५. म्हणून पोरगं पहाटे रस्त्यावर पळतं आणि संध्याकाळी स्क्वॉट मारतं, आठवडाभर, बिनखंड. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकानं १९८०मध्ये नेमकं हेच दहा आठवडे तपासलं होतं. नुसती ताकदीची मेहनत करणाऱ्यांच्या पायांची ताकद शेवटपर्यंत वाढत गेली. दोन्ही जोरात करणाऱ्यांची ताकद सुरुवातीला तशीच वाढली, सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमारास थांबली आणि शेवटी उतरू लागली. तेव्हा लांब पळायचे दिवस आणि जड पायांचे दिवस वेगळे काढा. चाचणी जवळ आली की स्क्वॉट आहे तिथेच टिकवा. त्या महिन्यात तो वाढला नाही तरी काही बिघडत नाही.

शहरातल्या पुस्तकांत नसलेला एक हिशेब आपल्याकडे आहे, शेतीचा. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत दिवसभर वावरात वाकलेली, कट्टे उचललेली कंबर संध्याकाळी डेडलिफ्टला नकार देते, तर त्यात नवल काय? रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्या मुलाची झोप मोडलेली असते. हे काम वहीत व्यायामाच्याच रकान्यात लिहा. त्या आठवड्यात बारवर नेहमीच्या साठ टक्के वजन ठेवा आणि सेट निम्मे करा. एरवीही दीड-दोन महिन्यांनी असा एक हलका आठवडा घ्यावा. ताकद वजन उचलताना वाढत नाही, त्यानंतरच्या विश्रांतीत वाढते.

आणि खाणं. ताकदीच्या व्यायामाबरोबर प्रथिनं किती घ्यावीत, यावरच्या ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८मध्ये आला. शरीराच्या दर किलोमागे रोज सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंना फारसा जादा फायदा दिसला नाही. साठ किलोंच्या मुलाला म्हणजे ९६ ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या सोयाबीनमध्ये साधारण ३६ ग्रॅम प्रथिनं असतात, हरभऱ्यात वीसच्या आसपास. सोयाबीन पिकवणाऱ्या घरानं ते सगळंच्या सगळं बाजार समितीत घालावं आणि पोरानं हजारोंचा पावडरचा डबा आणावा, हे मला पटत नाही. सोयाबीन भिजवून, चांगलं शिजवून खा. सोबत डाळ, शेंगदाणे, दही, अंडी. बहुतेकांचं भागतं.

मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बार अडला की पोरगं हताश होतं आणि त्याच वेळी कुणीतरी छोटी बाटली पुढे करतो. मेफेंटरमाइन हे इंजेक्शन भूल दिलेल्या रुग्णाचा घसरलेला रक्तदाब चढवण्यासाठी असतं. ते जिमच्या पोरांना विकणाऱ्यांवर राज्यात कारवाया झालेल्या आहेत. त्यानं स्नायू तयार होत नाही. थकवा जाणवेनासा होतो, नाडी आणि रक्तदाब मात्र चढतात आणि त्या अवस्थेत पोरगं आणखी वजन लावतं. तुमच्या जिममध्ये अशी बाटली दिसली तर ‘आपल्याला काय करायचं’ म्हणू नका. घरी सांगा, अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा पोलिसांत तक्रार करा, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या जिमची पायरी चढू नका.