कॅन्सरची पेशी थांबवणारी गोळी, पण तिची किंमत कोण थांबवणार?

स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध परवडत नाही म्हणून केरळमधल्या एका रुग्ण महिलेने २०२२ मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली. औषधाचं नाव रायबोसिक्लिब, तेव्हाचा महिन्याचा खर्च सुमारे ५८ हजार रुपये. पेटंट असलं तरी इतर कंपन्यांना ते बनवू द्या, म्हणजेच सक्तीचा परवाना द्या, अशी तिची मागणी होती. निकाल लागण्याआधीच तिचा मृत्यू झाला. न्यायालयाने मात्र प्रकरण बंद न करता स्वतःहून पुढे चालवलं.

ही गोळी नेमकं करते काय?

शरीरातली निरोगी पेशी मनाला येईल तेव्हा विभागत नाही. आरबी नावाचं एक प्रथिन तिला अडवून धरतं. डीएनएची नक्कल करायला लागणारी जनुकं ज्या प्रथिनामुळे सुरू होतात, त्यालाच आरबी घट्ट पकडून बसलेलं असतं. बाहेरून वाढीचा संदेश आला की पेशीत सायक्लिन डी तयार होतं. ते सीडीके ४ आणि सीडीके ६ या दोन एन्झाइमना कामाला लावतं. ही एन्झाइम आरबीवर फॉस्फेट चिकटवतात आणि त्याची पकड सुटते. एकदा ती सुटली की पेशी सहसा मागे फिरत नाही.

इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या गाठीत हा संदेश थांबतच नाही. रायबोसिक्लिब याच दोन एन्झाइमना अडवतं. पेशी मरतेच असं नाही, ती जागच्या जागी थांबते. म्हणूनच हार्मोनविरोधी औषधासोबत ही गोळी महिनोन्महिने घ्यावी लागते, आणि ‘महिन्याची किंमत’ हा आकडा इतका जड होतो. रक्त तयार करणाऱ्या पेशीही काही प्रमाणात थांबतात, पांढऱ्या पेशी घटतात. त्यामुळे तीन आठवडे गोळी, एक आठवडा सुट्टी. गाठीने आरबीच गमावलं असेल, तर मात्र या गोळीचा फारसा उपयोग नाही.

गंमत म्हणजे हे सगळंच ज्ञान कॅन्सरच्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही. लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यीस्टवर काम करत होते. टिम हंट यांना १९८२ मध्ये सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या अंड्यांत सायक्लिन सापडलं. तिघांना २००१ चं नोबेल मिळालं.

मग किंमत कशाने ठरते?

याच गटातल्या पाल्बोसिक्लिबकडे बघा. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. भारतातलं त्याचं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि अनेक भारतीय कंपन्यांनी ते बाजारात आणलं. किंमत झपाट्याने उतरली. औषध तेच होतं, फक्त पेटंट उरलं नव्हतं.

पेटंट संपायची वाट न पाहता सक्तीचा परवाना देण्याची तरतूद भारतीय कायद्यात आहे. ती २०१२ मध्ये सोराफेनिब या कॅन्सरच्याच औषधासाठी वापरली गेली. तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ९ हजारांच्या आत आला होता.