पराभूताच्या घामाचे मोल

व्यावसायिक मुष्टियुद्धाचा इतिहास जगज्जेत्यांच्या नावांनी भरलेला असतो. परंतु जेत्याला जिंकण्यासाठी समोर कोणीतरी उभे राहावेच लागते आणि या व्यवसायाचा डोलारा अशा उपेक्षितांच्याच खांद्यावर उभा असतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या बेयॉन गावचा चक वेपनर हा त्यांचाच एक प्रतिनिधी. दिवसा मद्यविक्रीसाठी फिरावे आणि उरलेल्या वेळात सराव करावा, हा त्याचा क्रम. १९६९ मध्ये जॉर्ज फोरमनने आणि १९७० मध्ये सॉनी लिस्टनने त्याला पराभूत केले. कारकीर्दीत त्याच्या चेहऱ्यावर तीनशेहून अधिक टाके पडले.

२४ मार्च १९७५ रोजी ओहायो राज्यात तो जगज्जेत्या महंमद अलीसमोर उभा ठाकला. नवव्या फेरीत अली खाली पडला. वेपनरने आपल्या पायावर पाय दिला, असे अलीचे म्हणणे होते. पंधराव्या फेरीची अवघी १९ सेकंदे उरली असता पंचांनी लढत थांबवली. अलीला सुमारे १५ लाख डॉलर मिळाले, वेपनरला १ लाख. प्रेक्षक अलीसाठी आले होते. तेव्हा ही तफावत बाजाराच्या नियमाला धरूनच होती, असे म्हणता येईल.

परंतु हिशेब येथे संपत नाही. ही लढत पाहून सिल्व्हेस्टर स्टॅलनला ‘रॉकी’ची कल्पना सुचली. १९७६ च्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. वेपनरने २००३ मध्ये दावा दाखल केला आणि २००६ मध्ये तो आपसांत मिटला. दरम्यान व्यसन आणि तुरुंगवास त्याच्या वाट्याला आले. त्याचा दोष अर्थातच त्याचा स्वतःचा. पण ज्याच्या जिद्दीतून इतरांनी संपत्ती निर्माण केली, त्याला त्यातील वाट्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागावी, हे कोणत्या न्यायात बसते?

अलीच्या नावाने २००० साली झालेल्या अमेरिकी कायद्याने लढतीच्या आयोजकांवर उत्पन्नाचा तपशील उघड करण्याचे बंधन घातले. पण हिशेब दिसणे निराळे आणि वाटा मिळणे निराळे. कॅलिफोर्निया राज्याने तिकिटांवरील अल्प आकारणीतून मुष्टियोद्ध्यांसाठी निवृत्तिवेतन निधी उभारला आहे. एका राज्याला जे साधले ते इतरत्र अशक्य नाही. शरीर झिजवून पोट भरणारा मुष्टियोद्धा हाही श्रमिकच होय. लढत हरली म्हणून त्याचे श्रम व्यर्थ ठरत नाहीत. त्या श्रमांवर ज्यांची तिजोरी भरते, त्यांनी त्याच्या म्हातारपणाची तरतूद करणे हा उपकार नव्हे. ते थकलेले देणे आहे.