दिवेलागणीचा फोटो

वाचकहो, आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही, हे शाळेतलं लेकरूही सांगेल. तरी आज समुद्राकाठच्या जुन्या गावांविषयी लिहितो आहे. कारण दिवाळीची सुट्टी लागली की नारायणगडाच्या पंचक्रोशीतूनही आता जीपा भरभरून पोरं कोकणात निघतात. मुरुड-जंजिरा, हर्णै, मालवण. एवढा प्रवास करून आणतात काय? मोबाइलभर मावळता सूर्य. कुणी तो तळहातावर झेललेला, कुणी चिमटीत धरलेला. सूर्य बुडाला की मंडळी वाळू झटकून भजी खायला मोकळी.

अहो, सूर्य तोच आपल्या गडावरूनही दिसतो. मुरुडच्या मानाने आपण पूर्वेला, म्हणून इथे तो दहा-अकरा मिनिटं आधीच मावळतो, इतकाच काय तो फरक. त्यासाठी दरीखोऱ्यातून गाडी हाणत जायची गरज नाही. जुन्या बंदराचा खरा फोटो सूर्य बुडाल्यावर निघतो, आणि तोही समुद्राकडे पाठ करून.

त्यामागे साधा हिशेब आहे. सूर्य बुडाल्यानंतर साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटांत आभाळाचा उजेड आणि घरातल्या दिव्याचा उजेड जवळजवळ सारखा होतो. आधी काढाल तर दिवे दिसत नाहीत, उशिरा काढाल तर घरं दिसत नाहीत. विलायतेत हा संधिप्रकाश पाऊण तासापर्यंत रेंगाळतो. आपल्याकडे वीस-बावीस मिनिटांत खेळ खलास. मोबाइल हातात धरू नका, भिंतीच्या कठड्याला टेकवा. फ्लॅश बंद. पडद्यावर दिव्याच्या जागी बोट ठेवून उजेड थोडा कमी करा, म्हणजे दिवा फुटल्यासारखा येणार नाही. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल घातला की एकेक फोटो जपून काढावा लागे. आता तीही अडचण राहिली नाही.

मी राजापुरीच्या धक्क्यावर असाच एकदा उभा होतो. समोर पाण्यात जंजिरा. त्या सिद्दींच्या संस्थानाचं विलीनीकरण १९४८ साली झालं, त्याच वर्षी सप्टेंबरात आपण निजामाच्या राज्यातून सुटलो. आज किल्ल्यात कुणी राहत नाही. त्यामुळे अंधार पडू लागला तसा तो तट नुसता काळा ठिपका होत गेला. मागे वळून पाहिलं तर कोळ्यांच्या घरांतून एकेक दिवा लागत होता, होड्या ओढून घेतलेल्या, कुठे रेडिओ चालू. इतिहास पुढे आणि संसार मागे. सगळे मोबाइल पुढेच रोखलेले!

मग मुरुड गावात शिरलो. सुपारीच्या वाड्या, कौलारू जुनी घरं. एका आळीत ओळीने घरं होती आणि दिवे मोजकेच. कोकणाचं हे दुखणं जुनं आहे. घरचे लोक मुंबईला, कुलूप उघडतं ते गणपतीला आणि शिमग्याला. दिवसा काढलेल्या फोटोत हे कळतच नाही, उन्हात सगळीच घरं सारखी देखणी. दिवेलागणीला मात्र गाव खरं बोलतं. कोणत्या घरात माणूस आहे आणि कोणत्या घरात नुसत्या भिंती, ते एका फोटोत मोजून घ्या.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी हे पाण्याकाठचे आणि पाण्यातले किल्ले आहेत. आनंदच आहे. आता तिथे कॅमेरे आणखी वाढतील. पण सुवर्णदुर्गासमोर हर्णैच्या बंदरात रोज संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, बाया टोपल्या घेऊन बोली लावतात, तेही फोटोत यावं की नको? तट तीनशे वर्षं टिकला, आणखीही टिकेल. त्या आळीतला दिवा तेवढा टिकेल याची खात्री मला वाटत नाही.

आता आपल्याकडे या. आपला गड म्हणजे तट-बुरुजांचा किल्ला नव्हे. धाकटी पंढरी म्हणून लोक ज्याला हात जोडतात, ते नगद नारायण महाराजांचं ठाणं. २०२४ च्या दसऱ्याला इथे मेळावा भरला, तेव्हा त्या गर्दीचे फोटो राज्यभर गेले. पण कार्तिकातल्या साध्या संध्याकाळचा फोटो आपल्यापैकी किती जणांकडे आहे? त्या दिवसांत कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर लागतो, कोयता निघतो पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकाकडे. मागे राहते म्हातारी, एखादं शाळेतलं लेकरू, आणि कडी-कुलूप. मुरुडच्या आळीत मी जे पाहिलं ते आपल्या गावात दरवर्षी पाच-सहा महिने असतं. फरक इतकाच की तिकडच्या रिकाम्या घराला लोक वारसा म्हणतात.

म्हणून पोरांना सांगणं आहे. कोकणात जरूर जा, पण तिथे शिकलेली ही युक्ती इथे वापरा. गावाबाहेरची एक उंच जागा ठरवा. एक फोटो कार्तिकात, टोळ्या गेल्यावर. दुसरा पाडव्यानंतर, टोळ्या परतल्यावर. जागा तीच, वेळ तीच: सूर्य बुडून वीस मिनिटं. कार्तिकात इथे सूर्य सहाच्या आतच बुडतो, तेव्हा चहा आधी उरकून घ्या. दोन्ही फोटो शेजारी ठेवून दिवे मोजा. हंगामी वसतिगृहाचा प्रश्न निघाला, म्हातारी माणसं कुणाच्या भरवशावर राहतात हा प्रश्न निघाला, की ग्रामसभेत भाषण ठोकण्यापेक्षा हे दोन फोटो टेबलावर ठेवा. कुणी म्हणेल, दिवा म्हणजे काही खानेसुमारी नव्हे. खरं आहे. पण खानेसुमारी दहा वर्षांनी यायची, आणि २०२१ ची तर लांबतच गेली.

एक मात्र कळकळीने सांगतो. कार्तिकातला फोटो लगेच व्हॉट्सॲपवर फिरवू नका. कोणती घरं बंद आहेत हे चोराला आयतं कळवण्यासारखं आहे ते. शाळेत गुरुजींकडे ठेवा, टोळ्या परतल्यावर दाखवा. कुणाच्या दारात उभं राहून फोटो काढायचा तर आधी आजीला विचारा. नाही म्हणाली तर पुढे चला.

आणि हो, नेमक्या त्या वेळी लाईट गेलेली असेल तर तो फोटो धरू नका. दुसऱ्या दिवशी परत या.