रिव्हर्स गिअर

आईवडील पहिल्यांदा अमेरिकेत येतात तेव्हा पहिले पंधरा दिवस झकास जातात. डाउनटाउन, म्युझियम, देऊळ, कॉस्टको. सोळाव्या दिवशी लोचा सुरू होतो. आमच्या अण्णांचा अकराव्याच दिवशी झाला. वाळवा तालुक्यात जन्मभर शेती केलेला माणूस शिकागोजवळच्या सबर्बमध्ये सोफ्यावर बसून बसून करणार काय? आईला निदान माझं स्वयंपाकघर 'नीट लावायचं' काम होतं. (मला अजून हळद सापडत नाही.)

बाराव्या दिवशी अण्णा मागच्या शेडमध्ये शिरले आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन म्हणाले, "तुज्याकडं इंटरनॅशनल हाय, आन् तू बोलला न्हाईस?"

मी काय बोलणार कप्पाळ! घर घेतलं तेव्हा आधीचा मालक शेडमध्ये एक पिवळा-पांढरा खटारा सोडून गेला होता. मी त्याला गवत कापायचं जुनं मशीन समजून त्याच्यावर खोकी रचून ठेवली होती. अण्णांनी मात्र समोरचा बिल्ला पुसून वाचला होता.

ते होतं कब कॅडेट, मॉडेल १००. १९६३ ते ६५ या काळात केंटकीतल्या लुइव्हिलमध्ये बनलेलं, दहा हॉर्सपॉवरचं कोहलर इंजिन. म्हणायला गार्डन ट्रॅक्टर, पण बनवणारी कंपनी इंटरनॅशनल हार्वेस्टर. महिंद्राने १९६३ मध्येच याच कंपनीशी भागीदारी केली आणि आपल्याकडे बी-२७५ ट्रॅक्टर आला. आमच्या आजोबांकडे तोच होता, सेकंडहँड, लाल. २०१४ मध्ये माझं एमएसला यायचं ठरलं आणि तो विकला गेला. व्हिसाच्या फाइलला मी बँक बॅलन्सचं जे सर्टिफिकेट जोडलं होतं, त्यात थोडा ट्रॅक्टरही होता. त्यावर आमच्या घरी कोणी कधी बोलत नाही.

कार्बोरेटर साफ करून नवा प्लग टाकल्यावर इंजिन दोन दिवसांत फटफटलं. पण गिअर टाकला की नुसतं खर्रर्र! मागचा ड्रेन प्लग काढला, तर ऑइलऐवजी दुधाळ चहा बाहेर आला. गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलेलं, शेडचं छप्पर नेमकं वरच गळणारं. म्हणजे किती पावसाळे गिअरबॉक्स पाणी पीत होता कोण जाणे. मग सगळं खोललं. अण्णा 'चार सुताचा पाना' मागायचे, मी हाफ इंचाचा द्यायचो. चार सूत म्हणजेच अर्धा इंच, हे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं.

बेअरिंग गंजलेली, ऑइल सील कडक झालेली, एका गिअरचे दाते उडालेले आणि रिव्हर्सच्या आयडलरचे तर अक्षरशः कुरतडलेले. पुण्यात असतो तर रविवारी जुना बाजार गाठला असता. इथे जवळच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोराने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं की हे पार्ट बनणं कधीच बंद झालंय. इंटरनॅशनलने हा ब्रँड १९८१ मध्येच विकून टाकला होता. आता तो स्टॅनली ब्लॅक अँड डेकरकडे आहे. साठ वर्षांपूर्वीचे गिअर कोण सांभाळत बसणार?

पण अण्णांचा फंडा एकदम क्लिअर होता. बेअरिंग आणि सील कंपनीचे नसतातच मुळी. बेअरिंग पुसून नंबर वाचायचा. ६२०५ असेल तर शेवटच्या ०५ ला पाचने गुणायचं, म्हणजे आतलं भोक पंचवीस मिलिमीटर. नंबर उडाला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजायची. विहिरीवरची मोटर खोलून खोलून हे त्यांना पाठ झालेलं. बेअरिंगच्या दुकानात सगळं एका फेरीत मिळालं.

गिअरचं तसं नसतं. ते हवेत तर दुसरा मेलेला कब कॅडेटच हवा. दोन आठवडे फोन केले. दोन ठिकाणी आमच्या आधीच कुणीतरी मागचा धूड उचलून नेलेला. भानगड अशी की इथे गार्डन ट्रॅक्टरच्या वजन ओढायच्या शर्यती होतात आणि त्या लोकांना हेच बिडाचे गिअरबॉक्स हवे असतात. कारण त्यांचं डिझाइन १९४७ च्या फार्मऑल कब या खऱ्या शेतीच्या ट्रॅक्टरवरून उचललेलं आहे.

शेवटी इंडियानात एका म्हातारबांकडे सापडला. गोठ्यामागे तीन उभे होते, चाकं मातीत रुतलेली. अण्णांनी झाकण काढायला लावलं आणि आत हात घालून प्रत्येक दात्यावरून नख फिरवलं. म्हातारबा शेजारी वाकून बघत होते. मग अण्णांनी मोबाइलमधला आजोबांच्या बी-२७५ चा फोटो दाखवला. म्हातारबा ओरडले, "हार्वेस्टर!" दोघांना एकमेकांचं अवाक्षर कळत नव्हतं आणि माझी कुणालाच गरज नव्हती. दीडशे डॉलर सांगितलेले, सव्वाशेला दिलं.

एक गोष्ट मात्र राहिलीच. या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नाही. पूर्ण थांबून मगच गिअर बदलायचा असतो. घाईतला माणूस पुढे जाता जाताच मागे टाकतो आणि रिव्हर्सचा आयडलर खातो. म्हातारबांच्या मालातलाही खाल्लेलाच निघाला.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी नवं ऑइल भरलं. अण्णांनी क्लच सोडला आणि ट्रॅक्टर चक्क आवाज न करता निघाला. पहिला, थांबून दुसरा, थांबून तिसरा. कुंपणाकडेने चार फेऱ्या. आई खिडकीतून ओरडत होती की पोहे गार होतात म्हणून. रिव्हर्स नव्हताच. न्यूट्रल करून आम्ही दोघांनी त्याला ढकलत शेडमध्ये नेलं.

चार दिवसांनी त्यांची फ्लाइट. एअरपोर्टवर बॅगेचं वजन भरेना का, ते तेव्हा कळलं. कुरतडलेला आयडलर बनियनमध्ये गुंडाळून कपड्यांखाली ठेवलेला होता. "शिरोलीला करून घीन," म्हणाले. बायकोचे दोन शाम्पू बाहेर निघाले, गिअर गेला.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पहिल्या वर्कशॉपवाल्याने मॉड्यूल विचारलं. ते दात्यांचं मिलिमीटरमधलं माप. हा जुना अमेरिकन गिअर इंचाच्या हिशेबातला, डायमेट्रल पिचचा. त्याचा कटर त्याच्याकडे नव्हता. दुसऱ्याकडेही नाही. तिसऱ्याकडे आहे म्हणे. मला रोज रात्री रिपोर्ट येतो. बाकी पाऊसपाणी, भाऊबंदकी, सगळं त्याच्यानंतर.

गेल्या रविवारी अण्णांचा फोन होता. "दातं बरोबर निघाल्यात. आता हीट ट्रीटमेंट ऱ्हायली. मे महिन्यात घेऊनच येतो. तवर ढकल."

ढकलतोय.